थोरलीची पाठवणी

माझ्या शिक्षणाचं श्रेय द्यायचं तर ते एकाच माणसाला द्यावं लागतं. विष्णू गंगाराम खाडे. माझे मामा. ते चौथी शिकलेले आणि मी आमच्या दोन्हीकडच्या घरांतला पहिला पदवीधर. या प्रवासाला मी निघालो तेही त्यांच्या सांगण्यावरून, म्हणून त्यांचं नाव आधी.

माझे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. वस्तीवरची पोरंही त्यांच्याबरोबर जायची आणि शाळा सुटायची. माझी सुटू नये म्हणून एका दसऱ्याला मामा आले, माझं दप्तर त्यांनी आपल्या सायकलच्या हँडलला अडकवलं आणि आईला म्हणाले, "ह्यो माझ्याकडं ऱ्हाईल. तुमी जावा." खर्ड्याच्या बाजूला एक लहानसा खासगी साखर कारखाना होता, त्यात मामा बॉयलरवर फायरमन होते. भट्टीत उसाचं चिपाड घालायचं आणि वाफ कमी पडू द्यायची नाही, हे त्यांचं काम. कामगारांच्या चाळीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. तिथे मामा, मामी, त्यांची मुलगी सुनंदा आणि मी, असे आम्ही राहिलो.

चाळ चिमणीच्या खालीच होती. हंगाम सुरू झाला की काजळी पडायची, काळी आणि हलकी. वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची, दुधाच्या पातेल्यात, वहीच्या उघड्या पानावरही पडायची. ती पुसायची नसते. पुसली की तेलकट डाग पसरतो. म्हणून चाळीतल्या माणसांना एक सवय लागलेली होती. कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी तिच्यावर फुंकर मारायची. ताटावर, उशीवर, बाळाच्या कपाळावर. सुनंदा माझ्या वहीवर फुंकर मारून ती माझ्या हातात द्यायची. तिला दमा होता. फुंकर मारली की तिलाच खोकला यायचा आणि मग आम्ही दोघं हसायचो.

सुनंदा कॉलेजला जायच्या वयातच वारली. हंगाम ऐन भरात होता. डॉक्टरांनी चिमणीचं नाव घेतलं नाही आणि आम्हीही कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी कारखान्यानं चिमणीच्या अलीकडे धूळ पकडायची मोठी पत्र्याची पेटी बसवली आणि काजळी बरीच कमी झाली. मामा सुट्टीच्या दिवशीही त्या पेटीसमोर जाऊन बसायचे.

मामांच्या त्या बॉयलरला कामगार "थोरली" म्हणत. दोन वर्षांपूर्वी नवा बॉयलर आला, तो "धाकटी" झाला. धाकटी कमी चिपाडात जास्त वाफ देते आणि तिचा धूरही कमी. जगातल्या देशांनी हवामानाबद्दल जे करार केले आहेत त्यांतल्या एका योजनेखाली तिच्यासाठी बाहेरून पैसे आले होते. कागदावर लिहिलं होतं की जुना बॉयलर कायमचा बंद करण्यात येईल.

मी सध्या पुण्यात एका अभ्यासगटात काम करतो. शेजारचे देश असे करार करतात, एकमेकांशी व्यापारही करतात. त्यामुळे त्यांचे कारखाने तेवढ्याच इंधनात जास्त काम आणि कमी धूर करू लागतात का, हा आमचा विषय. मामींना हे सांगताना मी म्हणालो होतो, "जळणाच्या एका भाऱ्यात किती भाकरी होतात आणि घरात किती धूर होतो, ते बघायचं. मग शेजारणीच्या चुलीशी ताडून बघायचं."

मामी म्हणाल्या, "मंग मला इचारायचं की. त्यापायी पुन्याला कशाला गेलास?"

आमच्या तक्त्यात एक रकाना कायम रिकामा राहायचा: जुन्या यंत्रांचं पुढे काय होतं. मागच्या उन्हाळ्यात थोरली उचलून नेणार असं कळलं, तेव्हा मी आमच्या अभ्यासगटाच्या प्रमुख बाईंकडे परवानगी मागितली की मी तिच्याबरोबर जातो. बाई हो म्हणाल्या. मामांना सांगायला गेलो तर त्यांनी माझा दंड धरला. भट्टीच्या आवाजानं त्यांचे कान गेलेत, त्यामुळे ते मोठ्यानं बोलतात.

"कुठं नेत्यात?"

मी हातानं कापल्याची खूण केली. कारखान्याच्या ऑफिसात तसंच सांगितलं होतं, उत्तरेत भंगारात जाणार.

"तू हजर ऱ्हा," मामा म्हणाले. "ग्यास लावून कापत्यात, ते डोळ्यानं बघ. अन मला लिही. कापली म्हनून लिही. बाकी काय नको."

कारखान्याचं फाटक

चैत्र संपत आला होता. सकाळीच ऊन तापलेलं. फाटकाशी लांबलचक ट्रेलर उभा होता आणि त्यावर थोरलीचा मोठा लोखंडी पिंप आणि भट्टीचं दार साखळदंडांनी बांधलेलं. मागच्या बाजूला नळ्यांच्या मोळ्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या होत्या. नळ्यांच्या तोंडांना लाकडी बुचं मारलेली होती. मी ते पाहिलं, पण त्याचा काही अर्थ मला लागला नाही.

ड्रायव्हर रज्जाकभाई नगरचे होते, दाढीला मेंदी, गळ्यात पंचा. बरोबर पांढऱ्या शर्टातला एक शांत माणूस होता. नाव पौडेल, नेपाळचा. भंगार घेणाऱ्यांचाच हा माणूस असणार असं मी धरून चाललो. इतके लांबचे लोक भंगार घेतात, याचं मला थोडं नवल वाटलं इतकंच.

ट्रेलर सुरू होणार एवढ्यात चाळीतून बायका आल्या. हातात ताटं. ताटांत हळदीकुंकू, नारळ, खण, गहू. आमच्याकडे दर वर्षी गळीत सुरू होण्याआधी बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. एखादं जोडपं भट्टीच्या दाराची पूजा करतं आणि मग आत पहिला जाळ टाकतात. एका वर्षी तो मान मामा-मामींना मिळाला होता आणि लहानगी सुनंदा मामींच्या मांडीवर बसली होती. आता त्याच दारावर बायकांनी कुंकू लावलं आणि सासरी निघालेल्या मुलीची भरतात तशी थोरलीची ओटी भरली.

त्यांत मामीही होत्या. त्यांनी खण दाराच्या कडीला बांधला. मी जवळ गेलो तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आपल्या हातून कुनाची पाठवनी झाली न्हाई रे. हिची तरी."

नारळ कुणाच्या हातात द्यायचा हे बायकांना कळेना. पौडेल पुढे आला, त्यानं दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि कपाळाला लावला.

मामा चाळीच्या दाराशी स्टुलावर बसले होते, ट्रेलरपाशी आले नाहीत. मी पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं.

"वटी कशाला भरली?"

मी खांदे उडवले.

"मोडायला निघालेल्याची वटी भरत्यात व्हय? आं?" त्यांचा आवाज एवढा चढला की बायका वळून बघायला लागल्या. "वटी भरत्यात ती नांदायला जानारीची!"

मी परत कापल्याची खूण केली. मामा माझ्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बघ अन लिही."

जामखेडच्या पुढे

एवढं अवजड सामान घेऊन ट्रेलर माणसाच्या चालीनंच जातो. पुढे मोटारसायकलवर एक माणूस लाल फडकं दाखवत जायचा. विजेची तार आडवी आली की थांबायचं, बांबूनं ती उचलायची, पिंप खालून काढायचा. दिवस मावळला की गाडी उभी करायची. मला या रस्त्यानं एसटीतून शेकडो वेळा जाऊनही जे दिसलं नव्हतं ते दिसायला लागलं. नांगरून टाकलेली काळी रानं, त्यांत पांढरी पडलेली ढेकळं. बांधाच्या बाभळीखाली उभी शेळी. ऊसतोडीहून परत आलेल्या माणसांची दारात ठेवलेली कोयत्यांची बोचकी. टँकरची वाट बघत ओळीनं मांडलेले निळे ड्रम.

पौडेल केबिनमध्ये मधे बसायचा, मांडीवर नारळ. आम्ही हिंदीत बोलायचो. माझी हिंदी शाळेतली, त्याचीही तशीच, त्यामुळे बरं चाललं होतं. त्याला ड्रमचं नवल वाटलं.

"पाणी गाडीनं येतं?"

"उन्हाळ्यात येतं."

"आमच्याकडे पाणी येतं तेव्हा घर घेऊन जातं," तो म्हणाला. त्याचं गाव तराईत होतं, डोंगर उतरून आलं की सपाट भातशेतीचा मुलूख लागतो तिथे. त्यानं विचारलं, इकडे माणसं हंगामापुरती घर सोडून जातात का? मी म्हणालो, जातात, ऊस तोडायला. तो म्हणाला, आमच्याकडचीही जातात. तुमच्याच देशात येतात.

रज्जाकभाईंना गप्प बसवत नसे. "साहेब, ही बाई लई जड हाय. ब्रेक मारला तं रुसती, न्हाई मारला तं आपल्यालाच घेऊन जाती. आमच्या घरी अशीच हाय एक."

आष्टी, कडा ही बीड जिल्ह्यातली गावं मागे पडली आणि नगरची हद्द परत सुरू झाली. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण रज्जाकभाई क्लिनरला आणि सगळ्या रस्त्याला ओरडून सांगत होते, "आलं आपलं नगर!" रस्त्याच्या कडेची चिंचेची झाडं रुंदीकरणात गेली आहेत. जी थोडी उरली आहेत त्यांची एक फांदी थोरलीला घासली आणि वाळल्या चिंचांचा सडा आमच्या टपावर पडला. पौडेलनं एक चिंच सोलून तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "हे आमच्याकडेही असतं," तो म्हणाला. आनंदानं म्हणाला, त्यामुळे मलाही बरं वाटलं.

जत्रेचं गाव

नगरच्या अलीकडे एका गावात जत्रा होती. गावकऱ्यांनी रस्त्यावर बांबूची मोठी कमान उभी केली होती, फुलांच्या माळा आणि मधे देवाचा फोटो. थोरली त्या कमानीखालून जाणं शक्यच नव्हतं. रज्जाकभाईंनी गाडी उभी केली तशी टोप्या घातलेली माणसं गोळा झाली.

"कमान सोडा जरा, पाव्हनं," रज्जाकभाई म्हणाले.

"देवाची कमान हाय. तुमच्या पिंपासाठी सोडायची व्हय?" एक म्हातारा म्हणाला.

"बाबा, पिंप काय म्हनता! नवरी हाय. वटी भरलीय, बघा की." रज्जाकभाईंनी दाराच्या कडीचा खण दाखवला. "नांदायला चाललीय. वाटंत अडवू नका."

म्हातारा ट्रेलरला एक फेरी मारून आला. "नवरी जरा थोराड हाय."

"खातीपिती हाय."

"मंग जेवल्याबिगर जायचं न्हाई," म्हातारा म्हणाला. "पंगत बसलीय. जेवा, तवर पोरं कमान सोडत्यात."

मी हसत होतो. रज्जाकभाई बोलण्यात गुंगवतात असंच मला वाटलं.

देवळामागे लांब पंगत बसली होती. जत्रेची डाळींची झणझणीत शिपी आमटी कढईत खदखदत होती, वरती लाल तवंग. बाजरीची भाकरी कुस्करायची आणि त्यावर आमटी ओतायची. पहिला घास घेतला की नाकातून पाणी येतं आणि तरी हात थांबत नाही. माझ्या शेजारी पौडेल मांडी घालून बसला. त्याच्यापुढे स्वच्छ पत्रावळ टाकली.

त्यानं ती दोन्ही हातांनी उचलली, तोंडाशी आणली, एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत हलकी फुंकर मारली आणि खाली ठेवली.

माझा घास हातातच राहिला. पत्रावळीवर धूळ नव्हती. गरम काहीच वाढलेलं नव्हतं. ती फुंकर मी लहानपणापासून ओळखत होतो. ती आमच्या चाळीबाहेर मी कुठेच पाहिली नव्हती. पुण्याला होस्टेलवर मी पहिल्या दिवशी ताटावर तशी फुंकर मारली होती आणि मुलं हसली होती.

मी विचारलं, "तुम्ही चिमणीखाली राहता?"

त्यानं चमकून माझ्याकडे पाहिलं. "कसं कळलं?"

"पत्रावळीवरून."

तो लाजल्यासारखा हसला. "आमच्या कॉलनीत सगळेच करतात. बायको म्हणते, पाहुण्याकडे तरी करत जाऊ नका."

"तुम्ही भंगाराचं काम करता ना?"

"भंगार? नाही हो. मी गिरणीत इंजिनीअर आहे. पुठ्ठा बनवतो आम्ही. थोडा तिकडे खपतो, थोडा सीमेपलीकडे तुमच्याकडे येतो." त्यानं बाहेर उभ्या थोरलीकडे हात केला. "हा आमचा नवा बॉयलर."

आमटी वाढणारा माणूस आमच्यापुढे येऊन उभा राहिला आणि "घ्या की, घ्या की" म्हणत राहिला. मी पत्रावळीवर आडवा हात धरला. मला एकदम मामांचा आवाज ऐकू आला. वटी भरत्यात ती नांदायला जानारीची. रज्जाकभाईंना नंतर विचारलं तेव्हा कळलं, त्यांनी फाटकाशी चहा घेताना बायकांना सहज सांगून टाकलं होतं की हिचं सासर नेपाळात आहे. बायकांनी त्यांना सुचलं ते केलं. ज्याला काहीच ऐकू येत नाही त्या माणसानं ते बघून ओळखलं. भंगारातल्या नळ्यांना बुचं मारत नाहीत, हेही कागद वाचणाऱ्या मला सुचलं नाही; मी हातानं कापल्याच्या खुणा करत बसलो होतो.

राहुरीकडे

नगर सोडलं की थोड्या वेळानं मुलूख बदलतो. मुळेचं पाणी, पुढे प्रवरेचं. दोन्ही बाजूंना ऊस, मधेच केळी, पाटाच्या कडेला बगळे. मनमाडकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर खड्डे एवढे की थोरली सारखी कण्हत होती. श्रीरामपूरच्या फाट्यावर एक टायर बसला आणि अर्धी दुपार तिथेच गेली. बाभळीच्या सावलीत पंचा टाकून रज्जाकभाई झोपले. पौडेल आणि मी उसाचा रस पीत बसलो.

मी त्याला सगळं सांगितलं. चाळ, काजळी, सुनंदा. मामा भट्टीत चिपाड घालायचे आणि घरी लेक खोकायची, हेही सांगितलं. त्यानं रसाचा ग्लास खाली ठेवला.

"मला एक मुलगी आहे," तो म्हणाला. "आस्था. चौथीत आहे. थंडीत आमच्याकडे धुकं पडतं. मग धूर वर जात नाही, खालीच बसतो. तेव्हा ती रात्रभर खोकते."

"मग हा बॉयलर कशाला नेता?" मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"आमचा आत्ताचा याहून वाईट आहे म्हणून." तो रागावला नाही. "तो भाताचं तूस खातो आणि अर्धं न जाळताच वर फेकतो. हा आला की तूस कमी लागेल, काजळीही कमी पडेल. निम्मी नाही, पण कमी पडेल. नवाकोरा आम्हाला परवडत नाही. शेजाऱ्याचा जुना परवडतो."

त्याचं बरोबर होतं. आमच्या तक्त्यात आमच्या कारखान्याचा आकडा सुधारला होता. आता त्याच्या देशाच्या तक्त्यात त्याच्या गिरणीचाही आकडा सुधारेल. दोन्ही देशांनी जगाला शब्द दिलाय, दोघंही म्हणतील की आम्ही पुढे सरकलो, आणि दोघांचं म्हणणं खरं असेल. खोटं कुणीच बोललेलं नाही. फक्त आम्ही जी काजळी कमी केली म्हणून लिहिलं, तिच्यातली बरीच आता आस्थाच्या वहीवर पडणार आहे. तशी ओळ लिहायला कुठल्याच तक्त्यात जागा नाही.

मग मला पेटीची आठवण झाली. धूळ पकडायची ती पत्र्याची पेटी. मी उठून ट्रेलरला फेरी मारली. पिंप होता, नळ्या होत्या, भट्टीचं दार होतं. पेटी नव्हती.

"पेटी मागून येणार आहे का?"

पौडेल मान खाली घालून बसला. "मी मागितली होती. मालक म्हणाले, आधी चालू तर करा, पेटीचं पुढे बघू. ती वेगळ्या माणसाला विकली."

मी तिथूनच कारखान्यातल्या एका ओळखीच्या फिटरला फोन लावला. त्याला विचारलं, पेटी कुठंय?

"पेटी? ती कापली की काल," तो म्हणाला. "ग्यास लावून. भंगारवाला पत्रा घेऊन गेला. का रं?"

मी फोन ठेवला. मामांना जे कापलेलं हवं होतं ते नांदायला निघालं होतं. ज्याच्यासमोर ते सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचे, ते कापलं गेलं होतं. आणि हजर राहून बघायला मी भलत्याच्याच मागे आलो होतो.

पौडेलनं दोघांचे ग्लास उचलून रसवाल्याला दिले. मग म्हणाला, "तुम्ही अहवाल लिहाल ना? त्यात आमच्या गिरणीचंही लिहा. तुमच्या नव्या बॉयलरला ज्यांनी पैसे दिले ते लोक तो वाचतील. त्यांना कळू दे, धूर इथून निघाला आणि कुठे गेला. पेटी आम्ही मागून मागून थकलो. तुमच्या कागदातून मागितली तर कदाचित कुणी ऐकेल."

"लिहीन," मी म्हणालो. ते कितपत कुणी ऐकेल, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. पण लिहिलंय.

कोपरगाव

मी निघताना ठरवलं होतं की पार शेवटपर्यंत जायचं, कापताना बघायचं. आता बघायचं काहीच उरलं नव्हतं. गोदावरीच्या पुलाअलीकडे मी उतरलो. पाणी कमी होतं, खडक उघडे पडलेले, त्यावर धुणं वाळत घातलेलं. पांढऱ्या चादरी एकदम स्वच्छ होत्या. कुणी त्यांच्यावर फुंकर मारत नव्हतं.

पौडेल खाली उतरला. नारळ त्याच्या हातातच होता. "याचं काय करायचं असतं?" त्यानं विचारलं. "आमच्याकडे मुलीची पाठवणी असते, पण तुमची रीत मला माहीत नाही. चूक व्हायला नको."

मी म्हणालो, घरी न्या, देवापुढे ठेवा.

"बस, एवढंच?"

"एवढंच. आणि ओटी ज्यांनी भरली ते माहेरचे होतात."

त्यानं ते मनात घोळवलं. मग म्हणाला, "पहिला जाळ घालायचा समारंभ आम्ही तिहारनंतर, म्हणजे तुमच्या दिवाळीनंतर करू. माहेरच्यांना बोलवायला हवं ना मग?"

रज्जाकभाईंनी हॉर्न दिला. "चला, नवरी खोळंबली." थोरली पुलावर चढली तेव्हा कडीचा खण वाऱ्यावर उडत होता. पलीकडच्या वळणापर्यंत तो हिरवा ठिपका दिसत राहिला.

मी बसस्टँडवर आलो. मामांना फोनवर ऐकू येत नाही. पोस्टातून आंतर्देशीय आणलं, कँटीनच्या बाकावर बसलो आणि हे पत्र लिहिलं.

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. मी कोपरगावात खुशाल आहे.

कापली म्हणून लिही, असं तुम्ही सांगितलं होतं. तसं लिहिता येत नाही. थोरली कापणार नाहीत. ती नेपाळात एका गिरणीत चालणार आहे. तुम्ही ओटी बघून ओळखलं ते बरोबर होतं. मला ओळखता आलं नाही. मामींवर रागावू नका.

दुसरं सांगायला हात धजत नाही, पण सांगतो. कापली ती धूळ पकडायची पेटी. ती बरोबर गेली नाही.

नेणारे पौडेल चांगले गृहस्थ आहेत. तेही चिमणीखालीच राहतात. जेवताना पत्रावळीवर फुंकर मारतात. त्यांना आस्था नावाची मुलगी आहे, चौथीत. तिला थंडीत खोकला होतो.

मामा, मला वाटेत वाटत होतं की आपला आणि थोरलीचा संबंध आता संपला. पण आपल्या घरच्या बाईनं तिची ओटी भरली आहे, म्हणजे आपण तिचे माहेरचे. सासरी ती कुणाला त्रास देत असेल, तर जाऊन बघायचं आणि बोलायचं हेही आपल्याकडेच येतं. पेटीसाठी मी माझ्या कागदात लिहितो आहे. पण कागदाचं काय होतं ते तुम्ही पाहिलंच आहे.

त्यांच्याकडे दिवाळीनंतर अग्निप्रदीपन आहे. त्यांनी आपल्याला बोलावलं आहे. गिरणीचे मालक तिथे असतील. मी एकटा गेलो तर पुण्याहून आलेला कुणी साहेब बोलतो असं त्यांना वाटेल. तुम्ही आलात तर तुम्हाला बोलावंही लागणार नाही.

तिकीट मी काढतो. मामींनाही घेऊ. येताना सुनंदाचा तो शाळेतला फोटो बरोबर घ्या. मामींच्या ट्रंकेत सर्वांत खाली, लुगड्याच्या घडीत आहे. काढताना पुसू नका, फुंकर मारा.

तुमचा,
बाळू